तीन गांठींचा व्यापारी

श्रोतेहो, आपल्या घरीं दांडीवर जो सोलापुरी टॉवेल वाळत असेल, तो आपल्या गांवीं कसा आला, याचा विचार आपण कधीं केला आहे काय? तो सोलापुरास यंत्रमागावर विणला गेला, हें पुष्कळांना सांगतां येईल. परंतु ज्या ट्रकांतून तो आला, त्या ट्रकांत त्याच्या शेजारीं कोण होतें, हें कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. एका बाजूस सांगलीच्या हळदीचीं पोतीं असतील, दुसऱ्या बाजूस नटबोल्टांचीं खोकीं, आणि वर बदली झालेल्या एखाद्या बँकेंतील कारकुनाचें कपाट. व्यापारी लोक अशा मिश्र मालास ‘पार्ट लोड’ म्हणतात. त्याविषयींच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

कल्पना नवी नव्हे. पूर्वीं आपल्याकडे हुंडेकरी असत. व्यापाऱ्यानें माल त्यांच्या हवालीं करावा, ठरलेली रक्कम द्यावी, आणि वाटेंतील जनावरें, जकाती व चौक्या यांची विवंचना हुंडेकऱ्यानें वाहावी, असा तो व्यवहार होता. पुढें आगगाडी आली व हें काम बरेंचसें तिच्याकडे गेलें. १९८० नंतरच्या काळांत रेल्वेनें संपूर्ण गाडीच एका मालानें भरून नेण्यावर भर दिला, आणि लहान व्यापाऱ्याचा माल अधिकाधिक सडकेवर उतरला. आजच्या ट्रान्सपोर्ट-कचेरींत गादीवर बसलेला गृहस्थ हा त्या हुंडेकऱ्याचाच वंशज म्हणावयाचा. जकातीची कटकट मात्र त्याच्यामागें उरलेली नाहीं. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला त्या दिवशीं संपली.

आतां थोडें गणित. जुनी खोड आहे, क्षमा असावी. समजा, एक ट्रक ९,००० किलो माल वाहतो व त्या खेपेचें भाडें ९,००० रुपये आहे. ज्याच्याजवळ १५० किलोच्या तीनच गांठी आहेत, त्यानें अख्खा ट्रक केला तर किलोमागें साठ रुपये पडतील; टॉवेल विकून तेवढे सुटतहि नाहींत. तोच ट्रक पन्नासजणांनीं मिळून भरला, तर किलोस एक रुपया पडतो. प्रत्यक्षांत ट्रान्सपोर्टवाला तीन रुपये मागेल, कारण गोळा करणें, हमाली, गोदाम, चिठ्ठ्याचपाट्या आणि कधींमधीं रिकामी राहणारी जागा, हें सारें त्यालाच सोसावें लागतें. तरी साडेचारशें रुपयांत काम होतें. तीन गांठींचा धनी बाजारांत उभा राहूं शकतो, तो या एका हिशेबाच्या जोरावर.

मात्र गाडी वांटून घेतली कीं तिच्या अडचणीहि वांट्यास येतात. ट्रक भरल्याशिवाय सुटत नाहीं. माल एका गाडींतून थेट जातो असेंहि नाहीं. भिवंडीसारख्या ठिकाणीं तो उतरतो, गांवांगांवांप्रमाणें निवडला जातो व पुन्हां दुसऱ्या गाडींत चढतो. प्रत्येक चढउतारास नवा हमाल आणि नवी आपटाआपट. हलका पण अवाढव्य माल असेल, गाद्याउशांसारखा, तर वजन न धरतां त्यानें अडविलेली जागा मोजतात; दर घनफुटास कोणी सहा किलो धरतो, कोणी दहा. हें आधीं विचारलें नाहीं, तर बिल पाहून डोळे पांढरे होतात.

माझा एक विद्यार्थी सोलापुरास चार माग चालवितो. दोन वर्षांपूर्वीं ऐन लग्नसराईच्या तोंडावर त्याला कर्जतच्या एका दुकानदाराकडून पहिली मागणी आली. टॉवेल व चादरी, सारें आहेराच्या उपयोगाचें. माल छत्तीस हजारांचा, सूत पतपेढीच्या कर्जांतून आणलेलें. त्यानें तीन गांठी बांधल्या, वर ‘कर्जत’ असें शाईनें लिहिलें, आणि बिल्टी घेऊन निश्चिंत झाला. आठ दिवस झाले, दहा झाले. दुकानदाराचे फोन येऊं लागले. एके रात्रीं तो माझ्याकडे आला व म्हणाला, “गुरुजी, माल कोठेंच नाहीं.”

मीं बिल्टी मागून पाहिली. किंमतीचा रकाना कोरा! सडकवाहतुकीचा २००७ सालचा कायदा व त्याखालील २०११ चे नियम असें सांगतात कीं, जादा जोखमीचा दर कबूल केला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच. साडेचारशेंच्या दहापट साडेचार हजार. बाकीच्या साडेएकतीस हजारांचें काय, हें विचारण्याचें धैर्य त्याला झालें नाहीं, मलाहि नाहीं. दावा करावयाचा तर माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आंत लेखी नोटीस द्यावी लागते, तीहि आम्हीं लिहून ठेवली.

एकोणिसाव्या दिवशीं माल सांपडला. खंडाळ्याच्या घाटाखालच्या, रायगड जिल्ह्यांतील कर्जतास! दुकानदार होता अहिल्यानगर जिल्ह्यांतील कर्जतचा. गांठी परत फिरून येईपर्यंत मोठे मुहूर्त टळले होते, आणि दुकानदारानें दुसरीकडून माल घेतला होता. त्याला दोष देतां येत नाहीं. ट्रान्सपोर्टच्या कारकुनानें जिल्हा विचारला नाहीं, पाठविणाऱ्यानें लिहिला नाहीं. आणि श्रोतेहो, त्या मुलाला भूगोल मींच शिकविला होता. दोन कर्जत, तीन शिरूर, पिंपळगांवांची तर मोजदादच नाहीं, हें वर्गांत मीं हंसत हंसत सांगत असें. मुलेंहि हंसत. परीक्षेंत तो प्रश्न कधीं घातला नाहीं.

त्या चादरी त्यानें पुढें पावसाळ्यांत पडत्या भावानें विकल्या. दोन माग तीन महिने बंद होते, आणि त्यांवरचे विणकर दुसरीकडे गेले, ते परत आले नाहींत.

आतां त्याची पद्धत निराळी आहे. गांठीच्या दोन्ही अंगांस पत्र्याचा छाप ठेवून तो रंगानें तालुका, जिल्हा व पिनकोड उमटवितो. आंतहि एक चिठ्ठी घालतो, कारण बाहेरचें पुसलें तरी आंतलें राहतें. किंमत लिहितो. विम्याचे थोडे पैसे कुरकुरत कां होईना, भरतो. बिल्टीचें छायाचित्र त्याच दिवशीं गिऱ्हाइकास पाठवितो, आणि भाडें आपण भरलें कीं ‘टू पे’ म्हणून घेणाऱ्यानें भरावयाचें, हें आधींच ठरवून घेतो. नाहीं तर दारांत माल आणि दारांतच भांडण.

गेल्या मार्गशीर्षांत त्याच दुकानदारानें पुन्हां दोन गांठी मागविल्या. पांचव्या दिवशीं मला फोन आला. “गुरुजी, पोहोंचला. आपल्या नगरच्याच कर्जतास.”