मनीचं पथ्य
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



घरातल्या प्राण्यांबद्दल बोला, असं कमिटीने सांगितलं. मी काही डॉक्टर नाही. पण माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगतो, म्हणजे तुमच्याकडे होणार नाही.

जिन्यात लोळणारी आमची गुबगुबीत मनी सगळ्यांना माहीत आहे. घरात रंगकाम निघालं आणि तिने खाणं सोडलं. ‘भूक लागली की खाईल’ म्हणत आम्ही 4 दिवस घालवले. पाचव्या दिवशी कान, हिरड्या पिवळ्या. मग आईने माणसांचं काविळीचं पथ्य सुरू केलं. मासे बंद, अंडं बंद, नुसता मऊ भात. मनीने तो हुंगलासुद्धा नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून मी हबकलो. मांजर, त्यातून जाडं, काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृत काम करेनासं होतं. शिवाय मांजर मांसाहारी; भातावर तिचं भागत नाही. म्हणजे आमचं पथ्यच तिच्या जिवावर उठलं होतं! तिला नळी घातली. प्रथिनांचं पातळ अन्न आधी अगदी थोडं, मग वाढवत, दिवसातून 5-6 वेळा. असे 6 आठवडे गेले, तेव्हा ती वाचली.

कुत्र्याचंही प्रथिन आपल्या मनाने तोडू नये. तो गुंगल्यासारखा वागला, गोल गोल फिरला, भिंतीला डोकं टेकवून उभा राहिला, तर विष मेंदूपर्यंत पोचलेलं असू शकतं. तेव्हा किती प्रथिन आणि कोणतं, हे डॉक्टर ठरवतात. अशा वेळी मटणापेक्षा अंडं, पनीर, सोयाबीन सोसतं. ‘लिव्हरला लिव्हर’ म्हणून कलेजी घालू नका. तिच्यात तांबं भरपूर असतं, आणि लॅब्रॅडॉर, डॉबरमन यांच्यातल्या काहींच्या यकृतात ते साठून राहतं. पोटात पाणी झालं असेल तर मीठही कमी; फरसाण, वेफर्स नकोतच. आणि मांजराला पॅरासिटामॉल कधीच नाही, अर्धी गोळीसुद्धा नाही.

25 वर्षं आपण एकमेकांकडे वाट्या पोचवतो आहोत, त्या चालू राहोत. फक्त दुसऱ्याच्या आजारी प्राण्याला बिस्किट देण्याआधी त्या घरची बेल वाजवा. आणि मांजराने दिवसभर तोंड फिरवलं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. आमच्यासारखी पाचव्या दिवसाची वाट बघू नका.