तेल्या आणि खैऱ्या : जंतू भाऊबंद, स्वभाव वेगळे



नेकनूर परिसरातले बागायतदार विचारतात, "साहेब, लिंबावर खैऱ्या आहे. तो शेजारच्या डाळिंबावर तेल्या होऊन जाईल का?"

नाही. दोन्ही रोगांचे जिवाणू झँथोमोनास सिट्री या एकाच कुळातले. पण त्यांची जनुके, म्हणजे बीजगुण, वेगळे. मालदांडी पेरली तर मालदांडीच उगवते ना? तसाच तेल्याचा जिवाणू डाळिंब धरतो आणि खैऱ्याचा लिंबूवर्गीय झाडे. खैऱ्यातही पोटजाती आहेत. एक कागदी लिंबू, मोसंबी, ग्रेपफ्रूट अशा अनेक झाडांवर पडते, तर काही मुख्यतः कागदी लिंबावरच.

याचा आपल्या खिशाशी संबंध काय? ऐका. एका डागात लाखो जिवाणू असतात. त्यात एखाद्याच्या जनुकात बदल झालेला असतो आणि प्रतिजैविक औषध त्याला लागू पडत नाही. तेच औषध पुन्हा पुन्हा फवारलं की बाकीचे मरतात, हा उरतो आणि त्याचीच पैदास वाढते. 1971 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील नासपतीच्या बागांत हेच घडले. करपणाऱ्या झाडांवरील जिवाणूंना स्ट्रेप्टोमायसीन चालेनासे झाले. म्हणून दुकानदार म्हणतो म्हणून प्रतिजैविक मारत सुटू नका.

मग करावं काय?

1. रोपे खात्रीच्या, रोगमुक्त मातृवृक्षाचीच घ्या. रोगट बागेतली गुटी फुकट मिळाली तरी नको.

2. पानांवर तेलकट डाग, फळांवर काळे डाग व तडे दिसताच रोगट फांद्या डागाच्या दोन इंच खालून छाटा. पडलेली पाने-फळे वेचून जाळा. प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा.

3. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. प्लॅस्टिकच्या भांड्यात करा, त्याच दिवशी संपवा.

4. पाऊस आणि दमट हवा तेल्याला मानवते. ज्या डाळिंब बागेत रोग आहे, तिथे मृग बहराऐवजी हस्त बहर धरा व बागेला तीन-चार महिने विश्रांती द्या.

शंका असल्यास सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा किंवा जवळच्या सहायक कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्या. औषधापेक्षा स्वच्छता स्वस्त, हे ध्यानात ठेवा.

रामराम.