आपल्या मातीचं चित्र

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात, बाल चित्रकला स्पर्धेच्या बक्षीस वितरणप्रसंगी केलेले भाषण)



मुलांची चित्रं पाहिली. हात छान आहे सगळ्यांचा. पण 'निसर्गचित्र' म्हटलं की बहुतेक कागदांवर दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नारळाचं झाड! गोंदियात हे दृश्य कुठून दिसतं, सांगा बरं?

नोकरीत असताना पीककर्जाच्या पाहणीसाठी मी जिल्हाभर फिरलो. आपला मुलूख धानाचा आणि तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतार हेरून, मातीची पाळ घालून पाणी अडवलं. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. त्याच्याभोवतीच्या टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. आपले डोंगर असे: झाडीने भरलेले, गोलसर. आणि हिरवा रंग तरी एकच आहे का? पऱ्ह्यांचा पोपटी वेगळा, रोवणीनंतर धरलेल्या धानाचा गर्द वेगळा, कापणीला तर बांधी सोन्यासारखी पिवळी.

ही भूमी कलेला कमी पडलेली नाही. मारुती चितमपल्ली जन्माने सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीत ते नवेगावबांधला राहिले. तिथली झाडं, पक्षी आणि जंगलात राहणारी माणसं त्यांनी मराठी साहित्यात नेली. 2025 मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. आपली झाडीपट्टीची रंगभूमीही धानाच्याच हिशेबाने चालते. कापणी झाली, हाती पैसा आला, की मंडई भरते आणि रात्रभर नाटक रंगतं.

मग आपल्या मुलांच्या कागदावर सारस का नसावा? राखाडी अंग, लाल डोकं, उभा राहिला तर माणसाएवढा. धानाच्या बांधीत घरटं करणारा हा पक्षी महाराष्ट्रात आता मोजकाच उरलाय, आणि तो मुख्यतः आपल्या जिल्ह्यात. जे मुलांनी पाहिलंच नाही, ते उद्या नाहीसं झालं तरी त्यांना कळणार कसं? बोडी बुजली, तर 'बोडी' हा शब्दही बुजतो.

म्हणून एक सूचना. पुढच्या स्पर्धेआधी मुलांना एखाद्या तलावावर न्या. आजी-आजोबांनी झाडांची, पाखरांची इकडची नावं सांगावीत. चित्र वाकडं आलं तरी चालेल. खाली गाव आणि तारीख मात्र लिहावी. या चित्रांची एक फाईल सोसायटीच्या कार्यालयात ठेवू. आणखी 25 वर्षांनी, सुवर्णमहोत्सवात, ती उघडा आणि ताळा करा: काय शिल्लक आहे, काय गेलं. त्या दिवशी मी असेन-नसेन. पण शिल्लक चांगली निघावी, एवढीच इच्छा.

सर्व विजेत्यांचं अभिनंदन.