अंथरुणावर शिकलेले नृत्य

नाटक मंडळींच्या आणि तमाशाच्या फडांच्या आठवणी सांगणारी जुनी माणसे भेटली, की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. ऐन वेळी मुख्य नट आजारी पडला. तिकिटे तर खपलेली. मग पडद्याआड उभे राहून सगळे पाठ केलेला एखादा पोरगा पुढे आला, त्याने तोंडाला रंग लावला आणि खेळ तारून नेला. आजची माझी गोष्टही अशीच आहे, पण ती घडली फार दूर, अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात, 2 नोव्हेंबर 1943 रोजी. तिथे उभी राहिली ती बावीस वर्षांची एक मुलगी होती. आणि जी भूमिका घेऊन ती उभी राहिली, ती तिने पडद्याआड उभी राहून शिकलेली नव्हती. अंथरुणावर उताणे पडून, डोळ्यांवर पट्टी असताना ती शिकली होती.

या मुलीचे नाव अलिसिया अलोन्सो. ती क्यूबा देशातली. ऊस आणि साखर यांच्यासाठी प्रसिद्ध असलेले हे बेट. तिची ती भूमिका म्हणजे ‘जिझेल’.

आता बॅले म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. बॅले हे युरोपातले नृत्यनाट्य. त्यात कोणी बोलत नाही, बहुधा कोणी गातही नाही. खाली वाद्यवृंद वाजत असतो आणि सगळी कथा नाचणाऱ्यांच्या अंगातून आणि मुद्रेतून कळायची. आपल्याकडे लावणी घ्या, कथ्थक घ्या, पाऊल जमिनीवर ठसक्यात पडते आणि घुंगरू त्याची साक्ष देतात. बॅलेची ओढ नेमकी उलट. जमीन सुटावी, शरीराचे वजन नाहीसे झाले असे वाटावे, यासाठी सारी धडपड. म्हणून तर नर्तकी पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहते. तिच्या बुटाचे टोक कापडाचे थर खळीने चिकटवून कडक केलेले असते. पाहणाऱ्याला ती फुलासारखी हलकी दिसते. प्रत्यक्षात सारा भार त्या चार बोटे रुंदही नसलेल्या टोकावर असतो.

‘जिझेल’ पहिल्यांदा रंगभूमीवर आले ते पॅरिसमध्ये, 28 जून 1841 रोजी. हाइन्रिख हाइने या जर्मन कवीने विली नावाच्या भुतांच्या दंतकथेविषयी लिहिले होते. ते वाचून थेओफिल गोतिये या फ्रेंच कवीला ही कल्पना सुचली. संगीत आदोल्फ आदाँ यांचे होते आणि जिझेलच्या भूमिकेत पहिल्यांदा उतरली ती कार्लोटा ग्रीझी. तेव्हापासून आजपर्यंत पाऊणशे-शंभर नव्हे, पावणेदोनशेहून अधिक वर्षे होऊन गेली, तरी हे नृत्यनाट्य जगभर होत असते.

कथा तशी साधी आहे. ऱ्हाईन नदीकाठचे एक गाव. द्राक्षांच्या सुगीचे दिवस. जिझेल ही शेतकऱ्याघरची पोर, नाचायची भारी हौस. आई सारखी दटावते, “पोरी, तुझे काळीज नाजूक आहे, इतकं नाचू नकोस.” गावात एक तरुण येतो. अंगावर साधे कपडे, पण खरा तो मोठ्या घराण्यातला सरदार, नाव आल्ब्रेख्त. वेष पालटून तो जिझेलचे मन जिंकतो, लग्नाच्या आणाभाका घेतो. गावातला शिकारखात्याचा रखवालदार हिलारिओन हा तिच्यावर जीव टाकणारा. त्याला सरदाराची लपवलेली तलवार सापडते आणि भर गावासमोर बिंग फुटते. आल्ब्रेख्तचे लग्न तर दुसऱ्याच एका श्रीमंत मुलीशी ठरलेले! जिझेलला वेड लागते. केस मोकळे सुटतात. तोल जात असताना ती त्याच्याबरोबर नाचलेली पावले आठवून आठवून पुन्हा टाकू पाहते आणि तिथेच कोसळून मरते. हा झाला पहिला अंक.

दुसरा अंक रात्रीच्या रानातला. आपल्याकडे डोहातल्या आसरांच्या गोष्टी सांगतात, तशा तिकडे विलींच्या. लग्नाआधी मेलेल्या, नाचायची हौस पुरी न झालेल्या या मुली रात्री थडग्यातून उठतात आणि वाटेत सापडेल त्या पुरुषाला मरेपर्यंत नाचायला लावतात. त्यांची राणी मिर्था. हिलारिओन त्यांच्या तावडीत सापडतो आणि त्याचा अंत होतो. मग फुले घेऊन थडग्याशी आलेला आल्ब्रेख्त सापडतो. पण ज्याने फसवले त्यालाच जिझेल वाचवते. तो थकला की त्याच्यासाठी ती नाचते, त्याला सावरते, वेळ काढते. पहाटेची घंटा होते, विलींचे बळ सरते. तो जगतो आणि ती कायमची थडग्यात परत जाते.

आता ही भूमिका अवघड का, ते लक्षात येईल. पहिल्या अंकात नर्तकी हाडामांसाची, हसरी, अल्लड खेडवळ मुलगी हवी. दुसऱ्या अंकात तिला शरीर आहे असे वाटताच कामा नये. एकाच रात्रीत एकाच बाईने दोन टोके गाठायची. त्यामुळे पहिल्यांदा जिझेल नाचणे हा बॅलेच्या जगात परीक्षेचाच दिवस मानतात. तिथे नुसती पावले पाठ असून भागत नाही.

अलिसियाचा जन्म हवाना शहरात 21 डिसेंबर 1920 रोजी झाला. फेर्नांदो अलोन्सो या नर्तकाशी तिचे लग्न फार लवकर झाले. दोघे न्यूयॉर्कला गेले, त्यांना एक मुलगीही झाली. 1940 साली नव्यानेच उभ्या राहिलेल्या बॅले थिएटर या मंडळीत अलिसिया दाखल झाली. आता तिला भूमिका मिळू लागतील असे वाटत होते. तेवढ्यात, 1941 साली, तिची दृष्टी दगा देऊ लागली. डोळ्याच्या आतला मागचा पडदा सुटत होता.

इथे थोडे थांबून एक सांगतो. डोळ्यांपुढे एकाएकी काजवे चमकल्यासारखे झाले, काळे ठिपके तरंगू लागले, किंवा बाजूने काळोखाचा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर चालढकल करू नये. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. आज त्यावर चांगले उपाय आहेत. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर एकच पथ्य मुख्य असे, ते म्हणजे हलायचे नाही.

अलिसियावर पहिली शस्त्रक्रिया झाली. तीन महिने पडून राहा, असे सांगितले. दोष गेला नाही. दुसरी झाली. डॉक्टर म्हणाले, आता बाजूचे कधीच दिसणार नाही. तिसरी हवानात झाली आणि त्यानंतर वर्षभर अंथरूण! डोके हलवायचे नाही, हसायचे नाही, रडायचे नाही, घास जोराने चावायचा नाही, लहान मुलीशी खेळायचे नाही. नर्तकीला याहून कडक शिक्षा कोणती असेल?

या वर्षात तिने काय केले? तिचा नवरा रोज अंथरुणाशी बसे. दोन बोटे म्हणजे दोन पाय. त्या बोटांच्या हालचालींनी ती दोघे मोठमोठ्या भूमिकांची पावले एकेक करून जुळवत. कुठून यायचे, कुठे वळायचे, कोणत्या सुरावर थांबायचे, सगळे त्यात आले. अंधारात पडल्या पडल्या तिने मनातल्या मनात जिझेल नाचून पाहिली, एकदा नव्हे, शेकडो वेळा. पुढे तिने स्वतःच सांगितले, की जिझेल ती अशीच शिकली.

उठण्याची परवानगी मिळाली, तरी नाचण्याची नव्हती. डॉक्टरांचे न ऐकता ती जवळच्या नृत्यशाळेत जाऊन सराव करू लागली. तिचे हे वागणे कोणी गिरवावे असे मी म्हणणार नाही. मग एका वादळात घराच्या दाराची काच फुटून तिच्या डोक्यावर, तोंडावर उडाली. डोळे मात्र बचावले. ते पाहून डॉक्टरच म्हणाले, एवढ्यातून निभावलीस, आता नाच.

1943 साली ती न्यूयॉर्कला परतली. बॅले थिएटरची नामांकित जिझेल होती अलिसिया मार्कोव्हा. हिने 1934 सालीच लंडनमध्ये ही भूमिका गाजवलेली. ती रंगभूमीवर येऊ शकत नव्हती. खेळ तर जाहीर झालेला. विचारणा झाली, कोण करील? आणि आमच्या या अलिसियाने होकार दिला.

श्रोतेहो, तो होकार किती मोठा होता, पहा. गिरकी घेणारी नर्तकी तोल कसा सांभाळते? ती नजर एका ठिकाणी रोवते, अंग फिरत असताना डोके शेवटी झटकन वळवते आणि पुन्हा तीच खूण पकडते. म्हणजे अर्धा तोल डोळ्यांवर. हिला समोरचे जेमतेम दिसे, बाजूचे नाहीच. त्यातून दुसऱ्या अंकात जोडीदार तिला वर उचलतो, तो बाजूने, मागून येतो. समोर मार्कोव्हाच्या आठवणी घेऊन बसलेला प्रेक्षक. जोडीदार अँटन डॉलिन, तोही मार्कोव्हाबरोबर वर्षानुवर्षे नाचलेला. एक पाऊल चुकले असते तर हसे झाले असते. जोरात पडली असती तर उरलेली दृष्टीही गेली असती.

पडदा वर गेला. ती नाचली. आणि त्या एका रात्रीत मंडळीतली एक होतकरू मुलगी जाणकारांच्या लेखी मोठी नर्तकी ठरली. पुढे अनेक दशके जिझेल म्हटले की तिचेच नाव घेतले जाई. रंगमंचावर वेगवेगळ्या जागी प्रखर दिवे लावून त्यांच्या खुणेने ती दिशा ओळखे आणि जोडीदाराने ठरल्या जागी बिनचूक उभे राहायचे, अशी तिची रीत बसली. 1948 साली तिने हवानात स्वतःची मंडळी काढली. तीच पुढे क्यूबाची राष्ट्रीय बॅले संस्था झाली. ज्या पॅरिसमध्ये जिझेल जन्मली, तिथल्या ऑपेरासाठी 1972 साली हे नृत्यनाट्य बसवून द्यायला क्यूबातल्या या बाईला बोलावले गेले! वयाच्या सत्तरीनंतरही ती रंगमंचावर दिसत होती. 17 ऑक्टोबर 2019 रोजी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, ती वारली.

बॅले पाहण्याचा योग आपल्यापैकी फारच थोड्यांना येत असेल. मीही जिझेल पाहिली ती पडद्यावरच. मग ही गोष्ट इथे का सांगितली? माझ्या मनात दोन माणसे आहेत. एक, कोणत्या तरी गावात दुखण्याने अंथरुणाला खिळलेला मुलगा, ज्याची शाळा बुडते आहे. दुसरे, त्याचे गुरुजी किंवा बाई.

अलिसियाचे धैर्य मोठे, यात शंका नाही. पण मला तितकाच मोठा वाटतो तो अंथरुणाशी बसलेला माणूस. त्याच्यापाशी ना रंगमंच होता, ना वाद्यवृंद. होती ती दहा बोटे आणि रोज यायची तयारी. वर्षभरात ती पुन्हा नाचेल याची हमी त्याला कोणीच दिली नव्हती. तरी त्याने शिकवणे थांबवले नाही. मला वाटते, शिक्षकाचे काम यापरते वेगळे नाही. फळ्यापर्यंत न पोहोचू शकणाऱ्या मुलाकडे फळा न्यावा लागतो. कधी तो फळा म्हणजे चादरीवर चालणारी दोन बोटेही असतील.

पाठांतर आणि मनन यांत आपल्या वाडवडिलांनी फरक केला होता. पाठांतर जिभेवर राहते, मनन अंगात उतरते. 2 नोव्हेंबर 1943 च्या रात्री न्यूयॉर्कला लोकांनी जे पाहिले, ते वर्षभर अंधारात केलेले मनन होते. तुमच्या गावातले ते मूल आज वर्गात दिसत नसेल. श्रोतेहो, उद्या शाळा सुटल्यावर त्याच्या घरावरून जाता आले, तर जरूर जा.