शेवटच्या डायनंतरचा साबण



अध्यक्षाने उद्योगाच्या भवितव्यावर बोलावे, अशी रीत आहे. भवितव्यावर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी पावडरीवर बोलणार आहे. डायच्या अलीकडच्या डब्यात असते, जमिनीवर सांडली की बूट घसरवते आणि खरेदीच्या यादीत हातमोजे, झाडू, चिंध्या यांच्या शेजारी बसते, ती पावडर. कोरडे वंगण हे तिचे पुस्तकी नाव. शॉपवर तिला सगळे साबणच म्हणतात, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही ती साबणच आहे.

आधी थोडे गणित करू. साडेपाच मिलिमीटरच्या वायर रॉडची दोन मिलिमीटर तार ओढायची आहे. प्रत्येक पासला क्षेत्रफळात २० टक्के घट धरली तर ९ डाय लागतात. एका मीटर रॉडची साडेसात मीटर तार होते. एक टन रॉडचा पृष्ठभाग सुमारे ९३ चौरस मीटर असतो. त्याच टनाची तार ४० किलोमीटर लांब होते आणि तिचा पृष्ठभाग भरतो सुमारे २५५ चौरस मीटर. वजन तेवढेच राहिले. वाढले ते दीडशेहून अधिक चौरस मीटर नवे, कोरे पोलाद. हे पोलाद जन्मते ते डायच्या पोटातच, प्रचंड दाबाखाली, टंगस्टन कार्बाइडला खेटून. त्यावर पांघरूण घालायला वेळ किती मिळतो? शेवटच्या डायमध्ये तारेचा संपर्क जेमतेम दोन मिलिमीटरचा. सेकंदाला दहा मीटर वेगाने ते अंतर सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात संपते. एवढ्या अवधीत भुकटी मऊ व्हावी, पसरावी, काही मायक्रॉनचा थर होऊन धातूला धातूपासून वेगळे ठेवावे आणि पुढच्या डायसाठी थोडी शिल्लकही राहावी, अशी आपली अपेक्षा असते. किलोचा भाव विचारताना ही अपेक्षा कोणी लक्षात घेत नाही.

पावडर हे करते कशी? डब्यातून जाणारी तार आपल्या खडबडीत अंगावर भुकटी ओढून घेते. डायच्या तोंडाशी जागा निमुळती होते, दाब आणि तापमान चढते आणि भुकटी लोण्यासारखी होते. दाट तेलाने जे करायचे, ते मग ही मऊ झालेली भुकटी करते. १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये ख्रिस्टोफरसन आणि नेलर यांनी डायच्या अलीकडे एक अरुंद नळी बसवली आणि दाखवून दिले की धावती तारच वंगण आत खेचून दाब तयार करते, बाहेरून पंप लावावा लागत नाही. त्यांनी तेल वापरले होते. आज आपण सर्रास वापरतो ती प्रेशर डाय याच विचारावर चालते. मात्र तारेने भुकटी उचललीच नाही तर नळी काय करणार? डब्यात तारेभोवती बोगदा पडतो, आजूबाजूला किलोकिलोने साबण असतो आणि तार कोरडीच आत जाते. सळईने डबा ढवळणारा ऑपरेटर वेळ घालवत नसतो, तो बोगदा मोडत असतो.

तारेच्या अंगावर भुकटी टिकावी म्हणून आधी एक वाहक थर लागतो: चुना, टाकणखार किंवा झिंक फॉस्फेट. याची एक जुनी कथा आपल्या धंद्यात सांगितली जाते. जर्मनीतले आल्टेना हे तारेचे जुने गाव. तिथे आज तारेचे संग्रहालय आहे. सतराव्या शतकात तिथल्या योहान गेर्डेस नावाच्या कारागिराला पोलादाची तार काही केल्या ओढता येईना. वैतागून त्याने ती खिडकीबाहेर फेकली. खाली पडली ती जागा लोकांच्या लघवीची होती. काही दिवसांनी उचलून आणली तर तार सुरळीत ओढली गेली! मग दीडेकशे वर्षे तारा मूत्रात बुडवल्या गेल्या, नंतर कोणाच्या तरी लक्षात आले की पाणी घातलेली बिअरही चालते, आणि त्याहून उशिरा कळले की नुसते पाणीही पुरते. कथेत मीठमसाला किती ते बाजूला ठेवू. तारेवर बसलेला गंजाचा पातळ, खरखरीत थर वंगण धरून ठेवतो, एवढे त्यातले शास्त्र पक्के आहे. १९३४ च्या फ्रिट्झ झिंगर यांच्या पेटंटने फॉस्फेटचा थर शीतरूपणात आला, तेव्हा बिअरची जागा स्फटिकांनी घेतली. कामगारांची त्यात फसवणूकच झाली म्हणायची.

आता साबणाकडे. आपल्या पावडरी मुख्यतः दोन घराण्यांच्या, कॅल्शियमच्या आणि सोडियमच्या. स्टिअरिक आम्ल आणि भिजवलेला चुना यांची गाठ घातली की कॅल्शियम स्टिअरेट होते. १०० किलो आम्लाला हिशेबाने १३ किलो चुना पुरतो. त्यावर घातलेला चुना साबण होत नाही, भुकटीत मोकळा राहतो. मोकळा चुना वाढला की भुकटी उशिरा मऊ होते आणि थर जाड बसतो. स्निग्धांश वाढला की ती लवकर वितळते, थर पातळ आणि तार चकचकीत. कॅल्शियमचा साबण पाण्याला जुमानत नाही. सोडियमचा जास्त तापमान सोसतो आणि पाण्यात विरघळतो. गंधक, मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ग्रॅफाइट, टाल्क ही पुढची भर गरजेप्रमाणे.

निवड करताना आपण काय बघतो? डाय किती टिकली, ओरखडे आले का, मशीन कितीवर धावली, ब्लॉकवर तार किती तापली. हे सगळे बघायलाच हवे. जास्त कार्बनची तार दोनशे अंशांच्या आसपास तापली की जुनावते, ठिसूळ होते आणि पीळ चाचणीत तुटते, हे इथे कोणाला सांगायला नको. पण हे सारे प्रश्न डायच्या अलीकडचे आहेत. माझे म्हणणे असे की साबण उलट्या टोकाकडून निवडावा. शेवटच्या डायनंतर तारेवर उरलेल्या साबणाचे पुढे काय होणार, हा पहिला प्रश्न. डायचे आयुष्य दुसरा.

उदाहरणे आपल्याच परिसरातली घेऊ. चाकण-भोसरी पट्ट्यात बोल्ट बनवणारे कितीतरी आहेत. त्यांना फॉस्फेट आणि साबणाची तार आवडते, कारण शीत ठोकणीत डोके सुबक येते. पण तोच बोल्ट १२.९ वर्गाचा असेल आणि फॉस्फेट न काढता भट्टीत गेला, तर फॉस्फरस पोलादात शिरतो आणि पृष्ठभागाखाली पांढरा, ठिसूळ थर बनतो. आयएसओ ८९८-१ हे मानक या वर्गाच्या बोल्टवर असा थर चालवून घेत नाही. म्हणजे तार ओढणाऱ्याने घातलेले पांघरूण बोल्टवाल्याला खर्च करून फेडावे लागते. ते सहज फेडता येईल असे आहे का, हे तार ओढणाऱ्याने कधी विचारलेले असते? पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या स्ट्रँडमध्ये अडचण वेगळी. तिथे पोलाद आणि सिमेंट यांनी एकमेकांना घट्ट धरायचे असते, आणि मधे आपला साबण बसलेला असतो. वेल्डिंगच्या तारेवर उरलेला साबण म्हणजे आर्कमध्ये शिरणारा हायड्रोजन आणि लायनरमध्ये साचणारी घाण. याउलट स्प्रिंगवाल्याला थोडा साबण हवाच असतो, कारण कॉइलिंगच्या मशीनवर तोच त्याचे वंगण. दोन गिऱ्हाइके, एकच व्यास, एकच ताकद, आणि साबणाबाबत अगदी विरुद्ध गरजा. गुंडाळीच्या चिठ्ठीवर मात्र दोघांना एकच मजकूर मिळतो.

आता जरा सविस्तर सांगावे असे एक प्रकरण. मराठवाड्याच्या बाजूच्या एका कारखान्यात तारेवर धातूचा मुलामा चढवत. धुण्याची सोय व्हावी म्हणून शेवटच्या डब्यांत सोडियमचा साबण; निवड पुस्तकाप्रमाणे अचूक. वर्षातले आठ-नऊ महिने काम उत्तम चाले. एप्रिल-मे आला की मुलाम्याला पापुद्रे सुटू लागत. आम्लावर संशय गेला, पावडरीचा पुरवठादार बदलला, रात्रपाळीच्या कामगारांची झडती झाली. पावसाळ्यात दोष आपोआप नाहीसा होई, मग चौकशीही थंडावे. मला बोलावले तेव्हा मी तारेकडे नव्हे, धुण्याच्या टाकीला येणाऱ्या पाण्याकडे बघितले. उन्हाळ्यात नळाचे पाणी आटे, मग बोअरचे आणि टँकरचे पाणी घेत. ते पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेले. त्यात सोडियमचा साबण धुतला जात नाही. तो कॅल्शियमचा साबण होऊन तारेवरच बसतो आणि मग पाण्याला दाद देत नाही. घरी बोअरच्या पाण्यात कपडे धुताना बादलीला बसणारा चिकट थर हाच. साबण बरोबर होता, तार बरोबर होती, मुलाम्याची प्रक्रिया बरोबर होती. तिन्ही विभागांच्या नोंदी मी पाहिल्या, सगळ्या नीटनेटक्या होत्या. पाण्याच्या जडपणाची नोंद फक्त बॉयलरवाल्याकडे होती, आणि त्याला तारेविषयी कोणी काही विचारले नव्हते.

या गोष्टीत रसायन शाळेतले आहे. अवघड काय होते, तर साबण शेवटच्या डायपाशी संपतो हा समज. मधल्या डब्यांत कॅल्शियम आणि शेवटी सोडियम वापरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे: वरचा थर धुतला गेला तरी खालचा कॅल्शियमचा थर पाण्याने जात नाही.

पावसाळ्याचा उल्लेख आला, तर तारापूर, वसई, रायगडकडच्या मित्रांसाठी दोन शब्द. टाकणखाराचा थर गरम टाकीतून निघतो तेव्हा त्याच्या स्फटिकात पाणी कमी असते. जुलैतल्या दमट हवेत तो ते पाणी शोषून घेतो, स्फटिक फुगतात, थराची पकड सुटते. सोमवारी माखलेला रॉड गुरुवारी ओढाल तर त्रास होणारच. सोडियमची पावडरही ओलावा धरते, गोळे होतात. पिशव्या बंद ठेवा, माखलेला रॉड पटकन ओढा आणि जमेल तिथे चुन्याकडे वळा. टाकणखाराला आणखी एक ग्रहण लागले आहे. युरोपीय संघाने २०१० मध्ये प्रजननाला घातक म्हणून बोरिक आम्ल आणि बोरेट्स अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत टाकले. तेव्हापासून निर्यात करणाऱ्यांना गिऱ्हाईक विचारू लागले: तुमच्या थरात बोरॉन आहे का? बोरॉनविरहित थर बाजारात आले आहेत. काही चांगले आहेत, काही फक्त महाग. इथेही प्रश्न शेवटच्या टोकाकडूनच आला, हे लक्षात घ्या. तो आपण आधी विचारला नाही, म्हणून आपल्याला विचारला गेला.

कच्च्या मालाबद्दल थोडक्यात. जगभर वायरच्या साबणाचे जुने मूळ म्हणजे जनावरांची चरबी. १९८३ मध्ये वनस्पती तुपातल्या गोचरबीच्या प्रकरणाने देश हादरला, चरबीच्या आयातीची दारे बंद झाली आणि आपल्या साबणाला पाम आणि तांदळाच्या कोंड्याच्या तेलाची वाट अधिक धरावी लागली. पामच्या आम्लात पामिटिकचा वाटा मोठा, कोंड्याच्या तेलात अठरा कार्बनच्या साखळ्या जास्त. एकाच नावाच्या पिशवीत आतले तेल बदलले की मऊ होण्याचे तापमानही सरकू शकते. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा खरेदीवाल्यांनी भावाची चिंता केली. पावडरीतले आम्ल बदलले का, हे पुरवठादाराला विचारणारे थोडेच.

शेवटी एक ठराव मांडतो. प्रत्येक गुंडाळीच्या चिठ्ठीवर हीट क्रमांक, व्यास आणि ताणशक्ती असतेच. त्याखाली एक ओळ वाढवावी: वाहक थर कोणता, शेवटच्या डब्यातला साबण सोडियमचा की कॅल्शियमचा, आणि बोरॉन आहे की नाही. पुरवठादार म्हणतील, आमचे सूत्र गुप्त आहे. सूत्र कोणीच मागत नाही. घराणे सांगा, एवढे पुरे. काही मालक म्हणतील की गिऱ्हाइकाला इतके कळले तर तो हुज्जत घालेल. घालू द्या. पापुद्रे सुटल्यावर घातलेली हुज्जत जास्त महाग पडते. दुसरी सूचना खरेदी विभागाला: साबणाचा भाव किलोवर लावू नका, टनभर चांगल्या तारेवर लावा, आणि त्या हिशेबात डाय, आम्ल, धुण्याचे पाणी आणि परत आलेला माल धरा. तिसरी ऑपरेटरांसाठी, अगदी साधी: डब्यातली वापरलेली भुकटी कागदावर पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला काळी मिशी लागली, तर तारेचे स्केल किंवा झिजलेले पोलाद पुन्हा डायमध्ये चालले आहे. तसली भुकटी चाळून परत डब्यात टाकणे ही काटकसर नव्हे.

चिठ्ठीवरच्या ओळीचा कच्चा मसुदा संयोजकांकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात त्याची हवी तेवढी चिरफाड करा. फक्त एक विनंती: बोल्टवाले, स्प्रिंगवाले आणि वेल्डिंगवाले गिऱ्हाईक म्हणून आज पहिल्यांदाच आपल्यात बसले आहेत. तार ओढणाऱ्यांनी आधी त्यांना बोलू द्यावे.