पेशीतील मोडीचा कारभार

ज्या घरात जुने सामान कधी मोडीत निघत नाही, तेथे वावरणेही कालांतराने दुष्कर होते. आणि आपल्या देहातील पेशी हेही असेच एक घर असून, त्यातील झिजलेल्या प्रथिनांची व निकामी घटकांची विल्हेवाट लावण्याची चोख तजवीज निसर्गाने करून ठेवली आहे. बेल्जियन शास्त्रज्ञ ख्रिश्चन द द्यूव्ह यांनी 1963 साली या क्रियेस ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले. परंतु तिचा अंतर्गत कारभार त्यानंतरही कित्येक वर्षे अंधारातच राहिला.

तो उजेडात आणला जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी, आणि तोही पाव फुगविणाऱ्या क्षुद्र यीस्टच्या साहाय्याने! यीस्टच्या पेशीत रिक्तिका नावाची पोकळी असते व मोडीत आलेला माल तेथे विकरांकरवी पचविला जातो. ओसुमींनी ही पाचक विकरेच नसलेले यीस्ट घेतले, त्याला उपाशी ठेवले, आणि काही तासांतच ती रिक्तिका न पचलेल्या इवल्या पुटिकांनी गच्च भरलेली त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. गिरणी बंद पाडून दाणे मोजण्याची ही युक्ती मला तरी महागड्या उपकरणांहून अधिक विलोभनीय वाटते. 1993 साली त्यांनी या क्रियेस आवश्यक अशी 15 जनुके दाखवून दिली. 2016 साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. तीच यंत्रणा, थोड्याफार फरकाने, मानवी पेशींतही आढळते, आणि उपासमारीच्या प्रसंगी पेशी स्वतःचेच जुने घटक मोडून त्यांतील अमिनो आम्ले नव्या बांधकामास लावते.