खोली मिळाली, पण सायकल कुठे ठेवू?

आजचा विषय छोटा आहे, पण सायकलवर मुक्कामी निघणाऱ्यांच्या कामाचा. शहापूर-मुरबाड भागात रात्री खोली मिळेलही, पण सायकलचं काय?

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. शहापूरच्या बाजूला आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी स्टेशनं ओळीने आहेत. पाऊस वाढला, पाय थकले, तर लोकल जवळ. मुरबाडला मात्र रेल्वेच नाही. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत तुम्ही माळशेजच्या पायथ्याकडे निघालात आणि दिवस मावळला, तर? पावसाळ्यात त्या घाटात दाट धुकं असतं, दरडीही कोसळतात. अशा वेळी मुक्काम ही चैन नाही राहत. अंधारात घाट चढायचा की थांबायचा, हे एका खोलीवर ठरतं.

आणि लॉजवाला म्हणतो, "सायकल बाहेर लावा." आता पन्नास हजारांची सायकल रात्रभर रस्त्यावर ठेवून झोप येईल का कुणाला?

जर्मनीतल्या सायकलस्वारांच्या संघटनेने यावर १९९५ पासून 'बेट प्लस बाइक' नावाची ओळखपाटी सुरू केली. ती हवी तर हॉटेलने एका रात्रीसाठीही खोली द्यायची, सायकलला कुलूपबंद जागा, ओले कपडे वाळवायची सोय आणि दुरुस्तीची चार हत्यारं ठेवायची. यात महाग काय आहे, सांगा! आपल्याकडेही जिन्याखाली जागा असते, कोठीची खोली असते. फक्त कुणी विचारत नाही.

म्हणून आपण विचारायचं. निघण्याआधी फोन करा: "दादा, सायकल आत ठेवता येईल का? खालच्या मजल्यावर खोली आहे का? पहाटे पाचला गेट उघडेल का?" 'बघू' म्हणाले, तर दुसरीकडे विचारा.

आपली बाजूही सांभाळा. चिखलाची चाकं बाहेरच धुवा, चेनखाली जुनं वर्तमानपत्र अंथरा, त्यांच्या टॉवेलने तेल पुसू नका. तुम्ही खोली कशी सोडलीत, त्यावर मागून येणाऱ्याला 'या' म्हणायचं की 'नाही', हे मालक ठरवणार.

आणि हॉटेलवाले ऐकत असतील, तर एवढंच: सायकलवाला पार्किंग अडवत नाही, आणि जेवतो मात्र दोघांचं!

भेटू पुढच्या भागात. हेल्मेट घाला, सांभाळून चालवा.